केझाया, तिसऱ्यांदा

...आणि वर ती बाई मला म्हणते, "पिशवी लॉकरमध्ये ठेवा!" अहो, कशी ठेवू? पिशवीत माझी बहीण होती!

हसा, हसा. ती असती तर सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली असती. पण तुम्हाला सांगतो, मेलेली माणसं फार पळवतात हो! मी छपरांवर कौलं बसवणारा माणूस. पंधराव्या वर्षी शाळा सोडली ती सोडलीच. आणि त्या दिवशी मी इंग्लंडातल्या लिंकन शहरच्या जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात, चिखलाच्या बुटांनी, राखेच्या डब्याची पिशवी काखेत धरून उभा! समोर आउथवेटबाई. चष्मा साखळीला लटकलेला, आवाज हेडमास्तरीणबाईंचा. "पेन आत न्यायचं नाही, खायचं काही न्यायचं नाही, पिशवी न्यायची नाही." म्हटलं, "बाई, ही माझी बहीण आहे. मार्चमध्ये गेली." बाईंनी पिशवीतल्या डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा डब्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तिच्याकडं पेन नाही ना?"

म्हटलं, "नाही."

"मग बसू दे. टेबलाच्या कडेला ठेवू नका म्हणजे झालं."

आता तुम्ही म्हणाल, हा डबा घेऊन तिथं गेलाच कशाला? सांगतो ना! रविवारी लोक अंगणातलं गवत कापतात, आमची केझी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या जनगणना वाचत बसायची. कोण कुठल्या घरात राहायचं, कोण काय करायचं, कोण कुठं जन्मलं. मला म्हणायची, "देवाचे आभार मान ल्यूक, आपण स्केलहॉर्न आहोत. गल्लोगल्ली असतात तसले स्मिथ असतो ना, तर या देशात आपले आजोबा हुडकण्यात जन्म गेला असता!" आणि एक दिवस ओरडतच माझ्याकडं आली. "सापडली! केझाया स्केलहॉर्न! माझ्याच नावाची! अठराशे एक्कावन्न, लोकांचे कपडे धुणारी, जन्म ऑल्डरथॉर्प गावचा. आणि ऐक, लग्न नाही, मुलगा मात्र आहे! म्हणून तर तिचं आडनाव आपल्यापर्यंत आलं!" मी म्हटलं, "म्हणजे आपण सगळे..." म्हणाली, "हो, आपण सगळे. तू तर जास्तच."

मग ती आजारी पडली. दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणाली, "मला आपल्या माणसांत ठेव, ऑल्डरथॉर्पला." मी हो म्हटलं. मी कशालाही हो म्हणतो, गळक्या छपराला मंगळवारपर्यंत येतो म्हणतो, तसं.

त्यानंतर डबा आईच्या फ्रिजवर. वर पावाचं भांडं, शेजारी केझी. आणि नाव कुणी घेईना! आई म्हणायची, "तिचा कोट", "तिचा कप". मीही तसाच. नाव ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं. बाकी आई बोलायचीच बंद झाली होती. आमची आई, जी दूधवाल्याशी तासभर भांडायची, ती! शेवटी एका सकाळी माझ्या डोक्यात काय शिरलं... आईला न सांगता डबा उचलला, गाडीत पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि निघालो.

ऑल्डरथॉर्पचं चर्च, बाहेर दफनभूमी, आणि दारातून आत गेल्या गेल्या, बघतो तर काय! पुरुषभर उंच दगड, वर पंख पसरलेला देवदूत आणि खाली ठळक अक्षरांत स्केलहॉर्न! मी तर गुडघ्यांवरच बसलो. म्हटलं, आपली माणसं एवढी मोठी? तारेचा ब्रश आणला, शेवाळ घासलं, देवदूताचं नाक साफ केलं. रडलो. सगळं सांगितलं त्यांना, दवाखान्याचं, आईचं, पावाच्या भांड्याचं. मग दमलो म्हणून मागच्या बाजूला जरा उंचवट्यावर बसून पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मटणाची जाड कचोरीच म्हणा, खाल्ला, परत आलो आणि खुरपं काढलं.

तेवढ्यात पाद्रीबाई. "काय चाललंय?"

"बहिणीला ठेवतोय."

"असं नाही ठेवता येत. जागा संपली आहे. ज्यांची माणसं इथं आहेत, त्यांच्यासाठीच तेवढी थोडी राखून ठेवली आहे."

"मग ही कोण?"

"हे गिरणीवाले स्केलहॉर्न. मूलबाळ झालं नाही. वंश तिथंच संपला."

अहो, मी एका निपुत्रिक गिरणीवाल्याच्या गळ्यात पडून रडलो होतो! वर त्याच्या देवदूताचं नाक घासून घासून अर्धं केलं होतं! पाद्रीबाई मात्र चांगली. म्हणाली, "तुमची केझाया इथंच पुरलेली आहे, एवढं दाखवा. जुन्या वह्या लिंकनला आहेत." झालं! डबा पुन्हा सीटवर, पट्टा, आणि लिंकन. मेलेली माणसं फार पळवतात!

तर आउथवेटबाईंनी मला जुन्या वह्यांचे फोटो पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासमोर बसवलं, हातात पेन्सिल दिली, आणि समोर ते चर्चचं जुनं अक्षर. मुंग्या शाईतून चालत गेल्यासारखं! मला छापलेलं वाचायला त्रास, हे काय वाचणार? बाई शेजारी बसल्या. बाप्तिस्मा, केझाया, जॉन आणि ॲन स्केलहॉर्न यांची मुलगी. मी उडालोच! "हीच! हीच!" चाक फिरवलं. आणि पुढच्याच हिवाळ्यात, दफन, केझाया, तान्ही.

म्हणजे? तान्हेपणी मेली तर कपडे कुणी धुतले? मी कोण मग?

आणखी फिरवलं. बाप्तिस्मा, केझाया. तेच आई, तेच बाप. दफन, केझाया, वय वर्षे तीन. मी भडकलो ना! "बाई, ही पोरगी दोनदा पुरली आहे! तुमचा पाद्री पिऊन लिहीत होता!" शेजारचा म्हातारा शुक् करतोय, मी थांबतोय कशाला? "आणि हे बघा, पुन्हा बाप्तिस्मा! पुरलेल्या पोरीचा बाप्तिस्मा करतात काय?"

आउथवेटबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "पाद्री शुद्धीवर होता, लेकरा. पहिली गेली. दुसरी झाली, तिला तेच नाव ठेवलं. तीही गेली. मग तिसरी झाली. तेव्हा तशी रीत होती. ही तिसरी तुमची."

तुम्हाला सांगतो, मी चर्चच्या कळसावर चढून कौलं लावली आहेत, खाली बघून कधी गरगरलं नाही. तिथं खुर्चीवर बसून गरगरलं. त्या ॲनकडं काय होतं? एक खोली, एक चूल. दोन पोरी त्याच नावानं मातीत दिलेल्या. आणि तिसऱ्यांदा दारात उभी राहून तीच हाक... "केझाया! जेवायला ये!" कसा आवाज फुटला असेल त्या बाईला? कुठून आणलं असेल एवढं बळ? आणि मी, सहा फुटांचा गडी, एका बहिणीचं एकदा नाव घेता येईना मला!

"केझी," मी म्हटलं. मोठ्यानं. शेजारच्या म्हाताऱ्यानंही शुक् केलं नाही. आउथवेटबाईंनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "ही चौथी, होय ना?"

पुढं तिसरीचं दफनही सापडलं, ऑल्डरथॉर्पलाच. बाईंनी नक्कल करून दिली. मग मी आईला घेऊन गेलो. पाद्रीबाईंनी कागद बघितला, म्हणाल्या, "गरिबांना दगड नसायचे. ती सगळी उत्तरेकडं, चर्चच्या मागं पुरलेली आहेत." आणि घेऊन गेल्या कुठं? मी पोर्क पाय खाल्ला होता त्या उंचवट्यावर! पलीकडं गिरणीवाल्यापाशी गळा काढत होतो, आणि माझी सगळी माणसं इथं, माझ्या बुडाखाली! ॲन, जॉन, तिन्ही पोरी. कुणी काही बोललं नाही. बसू दिलं मला, खाऊ दिलं.

खड्डा मी खणला. आई गवतावर उभी, ओठ घट्ट. डबा आत ठेवला, माती लोटली, आणि एकदम आई वाकून म्हणाली, "केझाया स्केलहॉर्न, तिथं सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करू नकोस." नाव घेऊन! मार्चनंतर पहिल्यांदा. नंतर किती वेळ तरी आम्ही दोघं तिथंच, धरून एकमेकांना.

परतताना गाडीत म्हटलं, चला, झालं. मेलेली माणसं फार पळवतात, पण पोचलो एकदाचे. तर शेजारून आई नाक पुसत म्हणते, "मला मात्र त्या स्केलहॉर्नांत ठेवायचं नाही हां ल्यूक. तुझ्या बापानं जिवंतपणी छळलं तेवढं बास. मला माझ्या माहेरच्या माणसांत ठेव. शोधून काढ."

मी हो म्हणालो. मी कशालाही हो म्हणतो. मग आठवलं, आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली.

आईचं माहेरचं आडनाव स्मिथ.