आईला बेड पाहिजे

विरेश: अहो शांताकाकू, आईनंच मागितला म्हणून घेतला. पुण्याला चल म्हटलं की ती लगेच म्हणते, बेड. दवाखान्यातल्यासारखा घेतलाय, डोक्याकडून वर-खाली होणारा.

शांताक्का: म्या बेंबळीला लेकीकडं काय गेले, तू गाडीबी सांगून मोकळा झालास!

विरेश: मग काय करू? लकवा मारल्यापासून तिचं मराठी गेलंच. काहीतरी पुटपुटते. एवढा एकच शब्द मला कळतो. बघा तुम्हीच. आई, उद्या पुण्याला जायचं ना माझ्यासोबत?

मल्लम्मा: बेड.

विरेश: ऐकलंत? हो आई, घेतलाय बेड. खिडकीपाशी लावलाय.

मल्लम्मा: बेड! बेड!

शांताक्का: आरं येड्या, थांब की जरा! कानडी बोलती ती. आमच्या आळंदकडं बेड म्हंजे नको.

विरेश: नको?

शांताक्का: व्हय. च्या नको असला तर च्या बेड. इंग्रजीतली खाट न्हाय ती.

विरेश: म्हणजे मी रोज विचारत होतो, आणि ती रोज नको म्हणत होती?

शांताक्का: अन् तू पलंगाचे फोटू दावत बसलास तिला.

विरेश: पण आई घरात कधी कानडी बोललीच नाही हो.

शांताक्का: तुझ्या बापाला खपत नव्हतं. माझ्यापाशी बोलायची, नळावर. आमी दोघी एकाच गावच्या ना. मन भरंस्तोवर बोलायची अन् घरात शिरली की मराठी.

विरेश: मला लाज वाटतेय, काकू. पण सास्तुरात हिला बघणार कोण? तुमचेच गुडघे धड नाहीत. आणि मी नोकरी सोडून इथं येऊन बसू का?

शांताक्का: ते मला कशाला इचारतोस? तिला इचार. एन बेकु, म्हण.

विरेश: म्हणजे काय?

शांताक्का: काय पायजे.

विरेश: आई... एन बेकु?

मल्लम्मा: (त्याचं मनगट धरून) नी बेकु.

विरेश: बेकु म्हणजे पाहिजे. बरोबर ना, काकू?

शांताक्का: व्हय.

विरेश: आणि नी?

शांताक्का: नी म्हंजे तू.