चोविसावं घर

— न्हाई, तो कागद आतच ठेवा. कॉम्प्युटरच्या त्या ओळी मला दाखवू नका, माझ्याच हायेत. चार वर्षांमागं हैदराबादेत, तुमच्याच हपिसात बसून लिहिल्या. वर नाव मोठ्या साहेबाचं हाय, असू द्या. आता मी वाटूरच्या शाळेत गणित शिकवून राह्यलो, तर तुम्ही जीप घेऊन आले — कशाला? तर पुराची मोजणी का चुकली ते कळंना. पाच इंजिनेर बसले म्हणता? बसू द्या. पन्नास बसवा.

ऐका. तवा नदीवर चौक्या तेवीस. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की त्या चौकीचा एक, न्हाईतर शून्य. मशीनच्या एका आकड्यात चोवीस घरं, एका चौकीला एक घर. एक किती झाले ते मोजायचं, वीस वर्षांच्या नोंदींशी ताडायचं, पाचाच्या वर गेले की गावांना खबर. तुमचे हुशार लोक काय करायचे — दर घराला विचारायचे, तू एक का शून्य? चोवीस घरं, चोवीस सवाल, अन् नोंदी लाखांनी. दोन घंटे लागायचे. तवर पाणी लोकांच्या चुलीत. मी म्हणलं, रिकाम्या घराला विचारायचंच कशाला? आकड्यातून एक वजा करायचा, मंग जुना अन् नवा आकडा घराला घर लावून बघायचा — दोन्हीत एक असंल तिथंच एक ठेवायचा. शेवटचा एक बराबर गळून पडतो. असे किती गळले तेवढं मोजायचं. तीन एक, तीन फेऱ्या, खलास. वीस मिनिटांत काम.

साहेब काय म्हणाले म्हाईत हाय? सगळ्यांसमोर — ‘देवानंद, खरं सांग, कुठल्या पुस्तकातून उतरवलंस? तुमच्यात हे सुचतं होय?’ अन् आठ दिवसांनी तेच काम स्वतःच्या नावावर दिल्लीला धाडलं. मी राजीनामा टाकला. अशा माणसाला चूक कोण दाखवील?

हां, चूक. मला तवाच म्हाईत होती. असं काय बघून राह्यले? डावीकडचं पहिलं घर, म्हंजे चोविसावं, मशीन अधिक-उण्याच्या चिन्हासाठी धरतं. तिथं एक आला की आकडा उणे. अन् मी लिहिलेलं — आकडा शून्याहून मोठा हाय तवर मोज. उणे आकडा मोठा कसा असंल? मोजणी सुरूच होत न्हाई. पण ते घर रिकामं होतं ना — चौक्या तेवीसच होत्या. म्हणलं, चोविसावी उघडतील तवा मशीन चुकंल, साहेबाचं नाव निघंल. त्याचंच नाव वर होतं. त्याचंच निघायला पाहिजे होतं.

चोविसावी चौकी कुणाला दिली? टेंभुर्णीच्या रखमाजीला. हपिसात शिपाई होता, माझ्या टेबलापाशी बसून भाकर खायचा — बाकीचे उठून जायचे, हा बसायचा. नवी चौकी मिळाली म्हणून राजूरच्या गणपतीचे पेढे घेऊन इथं आल्ता, ह्याच बाकावर बसला. मी पेढा खाल्ला. चूक सांगितली न्हाई. तो गेल्यावर हपिसाला पोस्टकार्ड लिहिलं — वहीत राह्यलं, टाकलंच न्हाई.

मंग ह्या भाद्रपदात आठ चौक्या बुडाल्या, त्यात चोविसावी बी, अन् मशीननं शून्य सांगितलं. सतरा घरं वाहिली. साळूबाई म्हणून म्हातारी गेली, पेपरात आल्तं. अन् तुम्ही लोकांनी निलंबित कुणाला केलं? रखमाजीला — खबर दिली न्हाई म्हणून. त्यानं दिल्ती. वेळेवर, बराबर दिल्ती.

लिहून घ्या. ‘शून्याहून मोठा’ खोडा, ‘शून्य न्हाई तवर’ लिहा. एवढंच हाय. अन् चूक मला म्हाईत होती, हे बी लिहा, माझ्या शब्दांत लिहा. सही करतो, आणा.

घ्या. आता हैदराबादला नका जाऊ. पैले टेंभुर्णीला जा, हा कागद रखमाजीच्या हातात द्या.

मी? मी न्हाई येत. काय म्हणून उभा राहू त्याच्यापुढं?

घंटा झाली, पोरं वर्गात बसली. उठा. जीप काढा.