तोफेच्या नळीवरचं भांडण

भावाभावांची भांडणं तुम्ही जमिनीवरून झालेली बघितली असतील, आमच्या घरात ती तोफेच्या नळीवरून व्हायची. आमचे हे लढाऊ जहाजावर तोफ चालवायचे आणि धाकटे भाऊजी रणगाड्यावर. रिटायर होऊन दोघं पनवेलला आले, तरी मी चहा टाकला की सुरू.

हे म्हणायचे, "नळीला आतून आटे पाहिजेत. गोळा भोवऱ्यासारखा फिरतो, म्हणून सरळ जातो."

"दादा, आट्यांत गोळा घासतो. आमची नळी गुळगुळीत, गोळ्याला बाणासारखे पंख. वेग बघ जरा!"

शेवटी फोनवर हे म्हणाले, "रविवारी ये. असं उत्तर देतो, तू परत बोलणार नायस." त्या रविवारी भाऊजींनी यायचा कंटाळा केला. बुधवारी हे गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मुलांनी, सुनांनी वचनं दिली, तरी ह्यांचं मन कशात अडकलंय ते कळेना. मग भाऊजी हात जोडून रडत म्हणाले, "दादा, हरलो मी. तुझी आट्यांचीच नळी भारी."

कावळा फांदीवरून हलला नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही एवढ्या गुमान हरलात हे त्यांना खरंच वाटणार नाय. नेहमीसारखे भांडा."

डोळे पुसून ते ओरडले, "दादा, तू कायपण सांग, गुळगुळीतच भारी हाय!"

कावळा झपकन खाली आला आणि घास घेऊन उडाला. सगळे उठून आंघोळीला गेले. भाऊजी मात्र उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.