उपाशीपोटी हॉट चॉकलेट

रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक काका-काकू होते. दोघांचीही उपाशीपोटीची साखर बघायची होती.

"मिशी पुसा. कोको लागलाय."

"नुसता कोको कडू असतो गं. औषधच ते."

"आणि साखर?"

"कोको आधी साखरेत घोटायचा, मग थोडं थोडं गरम दूध. नाहीतर गुठळ्या होतात. हॉट चॉकलेटची पद्धतच आहे तशी."

"किती चमचे?"

"कोको एक."

"मी साखर विचारली."

"ती पद्धतीप्रमाणे."

"आज साखर वाढलेली निघाली तर डॉक्टर रोजचं इंजेक्शन लावणार आहेत. सुई बघून चक्कर कोणाला येते?"

"म्हणून तर पिऊन आलो. पडायचं तर भरल्या पोटी."

"अख्खा मग प्यायलात?"

"दुसरा. पहिल्यात गुठळ्या झाल्या, तो तसाच ठेवला ओट्यावर."

"काका, उपाशी आहात ना?" आतून नर्स आली.

"खरं सांगा त्यांना."

"नाही हो ताई. हॉट चॉकलेट झालंय."

"मग उद्या या. काकू, तुम्ही तरी?"

"मी अगदी कडकडीत उपाशी."

"अगं, मग निघताना तो ओट्यावरचा मग रिकामा कसा होता?"

"टाकवलं नाही हो. चमच्याने खाल्लं."