प्रोफेसर लुबवामांची रांग

नाही नाही, मशीन नको — वस्तराच घे. आज गुळगुळीत पाहिजे, महत्त्वाची मीटिंग आहे. मागे मानेवरचंही साफ कर, तिथे फार वाढलेत. आणि मुवोंगे, तो रेडिओ जरा बारीक कर बाबा. सकाळपासून त्याच गप्पा — अमक्या वस्तीत कोण चेअरमन झाला, तमक्या वस्तीत कोण पडला — आणि तो जो अक्कल पाजळतोय ना, तो माझाच विद्यार्थी. नापास व्हायच्या बेतात होता, मी ढकलला पुढे. आता बघ, तज्ज्ञ! शासनव्यवहाराचे अभ्यासक म्हणे! बायको? दमाली बरी आहे की. कामात आहे. तिचं काय मध्येच काढलंस?

हां, तर काय सांगत होतो — मी हरलो नाही. ते आधी डोक्यातून काढून टाक. हरणं वेगळं आणि लोकांची अजून तयारी न होणं वेगळं. हसू नकोस, वस्तरा लागेल. आमच्या शास्त्रात याला नाव आहे, तुला कळायचं नाही, मलाही नीट कळत नाही, पण पंचवीस वर्षं शिकवतोय. तुला माहितीये माझी पीएचडी कशावर आहे? रांगेवर! ह्याच, कालच्या रांगेवर! इंग्लंडात थंडीत कुडकुडत, हीटरपाशी पाय ठेवून मी लिहिलं की मताच्या चिठ्ठीवर शिक्का मारणारा माणूस कोपऱ्यात जाऊन काय वाटेल ते करतो, कोणाला पत्ता लागत नाही — पण आमच्या युगांडात माणूस उमेदवाराच्या मागे उभा राहतो, दिवसाढवळ्या, बायकोपोरांदेखत, शेजाऱ्यांदेखत, आणि रांगेत उभा राहिलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. हे शेवटचं वाक्य माझं. फार गाजलं. म्हणजे बोलता बोलता कोणीतरी म्हणालं होतं, पण लिहिलं मी. दमाली तर म्हणते — जाऊ दे. त्या एका वाक्यावर मी लेक्चररचा असोसिएट झालो, असोसिएटचा प्रोफेसर झालो, अर्धं जग फिरलो. कुठेही जा, जेवणाच्या टेबलावर कोणीतरी गोरा माणूस वाकून विचारणारच — ते रांगेवाले लुबवामा तुम्हीच ना? मीच. मीच तो.

काम काय असतं म्हणतोस? आता तुझ्यापाशी काय लपवायचं. सरोवराकाठच्या हॉटेलात गरिबीवर चर्चा करायची. तिथे फार गार असतं, मी कोट नेतो. लोकांना रंगीत कागद वाटायचे, त्यावर त्यांनी आपापल्या अडचणी लिहायच्या, मग ते भिंतीला चिकटवायचे — पिवळे एकीकडे, हिरवे एकीकडे — मग जेवण, जेवणानंतर अर्धे लोक गायब, उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि मग अहवाल. अहवालात शेवटची शिफारस एकच — या विषयाचा अजून अभ्यास व्हायला हवा. हवाच! नाहीतर आम्ही काय करायचं? एकदा एका मंत्र्याच्या सचिवानं मला विचारलं, प्रोफेसर, तुमच्या कुठल्या धोरणानं कुठे काही झालंय का? मी म्हटलं, साहेब, मी धोरणाचा अभ्यास करतो, धोरणानं काही होतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्यावर तो इतका खूश झाला की पुढचं काम मलाच दिलं.

मग उभा कशाला राहिलो? हा प्रश्न बरोबर विचारलास — विचारला नाहीस, पण तुझ्या भुवया विचारतायत. जिनिव्हाला मोठी परिषद आहे. बीजभाषण माझं. विषय ‘तळागाळातलं सुशासन’. त्यांनी परिचय मागवला. आता तिथे सगळेच प्रोफेसर, सगळ्यांचीच पुस्तकं, त्यात आपलं वेगळं काय? म्हटलं, वस्तीची निवडणूक आहेच, चेअरमन मी होणारच — समोर कोण, तर नालोंगो! कोळसेवाली! दोनदा जुळी झाली म्हणून ‘नालोंगो’ हा मान, आणि सगळी वस्ती तिच्यापुढे गुडघे टेकते, नालोंगो इथे या, नालोंगो तिथे बसा — मापात मारते बाई ती, माहितीये का तुला? गोणीत तळाला भुगा असतो सगळा! म्हणून लिहून टाकलं. ‘आपल्या वस्तीचे लोकनियुक्त अध्यक्ष.’ छापूनही आलं. रंगीत. फोटो चांगला आलाय, तूच कापले होतेस तेव्हाचे केस.

प्रचार? केला की! अगदी शास्त्रशुद्ध केला. गेटच्या आत मांडव घातला, बैठक बोलावली, प्रत्येकाला प्रश्नावली दिली — आपल्या मते वस्तीच्या विकासातले प्रमुख अडथळे कोणते, प्राधान्यक्रम लावा. एक म्हातारा उठून म्हणाला, तुमचं कुत्रं. कोणी दारावर आलं की अंगावर येतं. मी ते ‘इतर’ या सदरात लिहून घेतलं. आणि ती काय करत होती? काही नाही! आपल्या टपरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालत होती. पोराला शाळेत का नाही पाठवलंस रे, तुझी शेळी परत माझ्या गोण्यांवर चढली तर कापून खाईन. हा प्रचार! याच्यावर लोक निवडून देतात!

बरं, काल काय झालं ते तू पाहिलंसच — नाही पाहिलंस? असू दे, सांगतो. फणसाखालच्या मैदानात आम्ही दोघं उभे. उमेदवारानं समोर बघायचं. मागे वळू नये असा काही नियम नाही, पण शोभत नाही, माणूस भुकेला दिसतो. अधिकाऱ्यानं शिट्टी मारली आणि पावलं वाजायला लागली. माझ्या मागे, मुवोंगे! धपाधप पावलं! चपला, बूट, पोरांच्या रडण्याचे आवाज, एक कोणीतरी खोकत होतं — सगळं माझ्या पाठीमागे. मी मनात म्हटलं, अरे, लोक काही मूर्ख नाहीत. मी नालोंगोकडे बघून जरा मान झुकवली, सांत्वन म्हणून. एकदा हातही वर केला, मागच्या लोकांसाठी. अभिवादन. आणि झालं होतं काय — तिची रांग इतकी लांबली की फणसाला वळसा घालून, मैदानाच्या कडेनं फिरून माझ्या पाठीमागून गेली होती! ते पाय तिचे होते! आणि मी त्यांना अभिवादन करत होतो. त्यांनीही वर करून दाखवले म्हणे हात. वस्तीला शिष्टाचार आहे, हे मान्य करायला हवं.

मग तो अधिकारी खांद्याला हात लावत मोजायला लागला, मोठ्यानं. आकडा मी सांगत नाही, आकड्यानं काही कळत नसतं, मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. गुणवत्ता बघा. माझ्या मागे कोण होते? माझा वॉचमन. माझे भाडेकरू. ते पास्टर, ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना वाटलं ही पाण्याची रांग आहे. अकरा जणांत सुद्धा जर — हं. बोललो का मी? बोललो. अकरा. लिहून ठेव भिंतीवर.

नाही, दमाली बाराव्या नंबरला नव्हती. डोकं दुखत होतं तिचं, ऊन होतं — अरे, उघड्यावरची गोष्ट आहे, कुठे लपवू! तुलाही माहीत आहे, सगळ्या वस्तीला माहीत आहे. रांगेच्या तोंडाशीच होती, नालोंगोच्या अगदी पाठीशी. निळी गोमेसी नेसून. लग्नकार्याला काढते ती, खांदे वर उभे राहतात ती. मला मान वळवायचीही गरज पडली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळा वेळ ते निळं दिसत होतं, आणि मी स्वतःला समजावत होतो की निळा रंग काय, कोणाचाही असतो.

घरी आल्यावर मी भांडलो नाही. मी त्यातला नाही. तिनं केळ्यांचे मटोके वाढले, शेंगदाण्याची आमटी वाढली, मी जेवलो. हात धुताना विचारलं, का? तर म्हणाली, प्रोफेसर — घरातही प्रोफेसरच म्हणते ती मला, पूर्वी कौतुकानं म्हणायची — म्हणाली, रांगेतला माणूस खोटं बोलू शकत नाही, असं तुम्हीच लिहिलंयत ना? मग मी कुठे उभी राहणार होते? मी म्हटलं, ते सिद्धान्त म्हणून आहे! तर म्हणाली, तुम्ही निवडून आला असतात तर रात्री-अपरात्री दार वाजलं असतं आणि उठले मी असते. शेळीची भांडणं मी मिटवली असती, दारुड्यांच्या बायकांना मी चहा दिला असता, आणि जिनिव्हाला गेला असतात तुम्ही. पीएचडीच्या वेळी तेच, पुस्तकांच्या वेळी तेच. आता हे वस्तीचं तरी माझं मला करू द्या. — आता बघ, मुवोंगे, हा अन्याय आहे. पीएचडीच्या वेळी बायका माझ्याशी बोलत नव्हत्या, म्हणून बायकांच्या मुलाखती तिनं घेतल्या, बरोबर. चालत, गावोगाव, पोटुशी होती तेव्हा, तेही बरोबर. पण मी आभार मानलेत! छापील! प्रस्तावनेत, शेवटच्या ओळीत — माझ्या पत्नीच्या संयमाबद्दल.

मला वाईट वाटलं. सांगून टाकतो. अकरांचं नाही वाटलं, त्या निळ्याचं वाटलं. घरात ती रोज माझ्या समोर असते, आणि मी एवढी वर्षं धरूनच चाललो होतो की ती माझ्या मागे आहे. कधी वळून बघितलंच नाही.

असो. मीटिंगचं म्हणत होतो. माझा पासपोर्ट संपलाय. नवा काढायचा तर वस्तीच्या चेअरमनचं पत्र लागतं. प्रोफेसर असा नाहीतर भंगारवाला — पत्र लागतंच. ‘हा माणूस आमच्या वस्तीत राहतो, आम्ही याला चांगलं ओळखतो, याची वागणूक चांगली आहे.’ खाली शिक्का. पत्र नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर जिनिव्हा नाही, आणि तिथे लोकनियुक्त अध्यक्षांची खुर्ची मांडून बसलेत लोक. म्हणून ही दाढी. जायचंय कोळशाच्या टपरीवर. कोट घालून.

नालोंगोपुढे हात जोडायला मला काही नाही, जोडेन. पण ती कुठे लिहिणार पत्र, तिला इंग्रजी येत नाही. पत्र सेक्रेटरी लिहिते. आणि काल जिंकल्या जिंकल्या फणसाखालीच तिनं ओरडून सेक्रेटरीचं नाव जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मलाही वाजवाव्या लागल्या, सगळे माझ्याकडेच बघत होते.

सकाळी मी म्हटलं, अगं दमाली, दोन तर ओळी आहेत, इथेच लिहून टाक ना टेबलावर. पर्स खांद्याला अडकवून निघालीच होती. म्हणाली, ऑफिस दहाला उघडतं. तिथे रांग असते. रांगेत या. बाकी ठिकाणी ती वेळ मारून नेईल, पण लिहिताना ती खोटं लिहीत नाही, मुवोंगे, माझ्या सगळ्या मुलाखती तिनं लिहिल्यात, मला माहीत आहे. आता ‘आम्ही याला चांगलं ओळखतो’ इथपर्यंत ती बिनदिक्कत लिहील. पुढचं वाक्य काय लिहील, ते मला खरंच सांगता येत नाही.

काय रे, थांबलास का? चालव वस्तरा. एक विचारू? काल तुझं दुकान बंद होतं. दाराला कुलूप मी स्वतः पाहिलं. म्हणजे मैदानात आला होतास. आणि ते अकरा जण मला तोंडपाठ आहेत.

बोलू नकोस. हात सांभाळ, गळ्यावर आहे तुझा हात.

बास. झालं. स्पिरिट लाव, टॉवेल काढ. आता हा छोटा आरसा कशाला घेतलास? मागून कसे कापलेत ते दाखवतोस? नको. ठेव तो खाली. मला नाही बघायचं मागे.