पाण्यावर उठून जाता येत नाही

मुलगा : बाबा, तुम्ही पाय कशाला दाबताय? मागच्या सीटला पॅडल नाहीये.

वडील : ब्रेक दाबतोय. वळण फार जोरात घेतलंस.

मुलगा : बोटीला ब्रेक नसतो.

वडील : म्हणून तर काळजी वाटते. अर्ध्या गावाला गाडी शिकवली मी, बाजूला बसून. पाय आता विचारत नाही, आपला आपण जातो.

मुलगी : बघा ना, केवढी गर्द झाडी! पाण्यात उतरल्यासारखी वाटते. एवढा मोठा जलाशय, आणि आपल्याशिवाय चिटपाखरू नाही.

मुलगा : ताई, निसर्ग नंतर. तू पॅडल मारणार आहेस का? मघापासून आपण जागच्या जागी गोल फिरतोय.

मुलगी : मारतेय की!

वडील : नाही मारत. शिकतानाही हिचं हेच. पाय क्लचवर, लक्ष खिडकीबाहेर.

मुलगी : बाबा, त्याला किती वर्षं झाली!

वडील : पण लायसन पहिल्या फटक्यात मिळालं. कुणामुळे?

मुलगा : तेच. त्याच विषयावर बोलायचंय. बाबा, आम्ही तुम्हाला इथे सहलीला आणलेलं नाही.

वडील : माहितेय.

मुलगा : काय माहितेय?

वडील : घरात विषय निघाला की मी उठून कुंड्यांना पाणी घालायला जातो, म्हणून.

मुलगी : कुंड्या सडल्या हो त्या पाण्याने. आईने दोन गुलाब फेकून दिले.

मुलगा : म्हणून बोट. आता उठून दाखवा. पाणी हवं तेवढं आहे, कुंडी एक नाही.

वडील : तरी आलो ना मुकाट्याने?

मुलगी : त्याचंच तर नवल वाटलं. आम्ही तिकिटाच्या खिडकीशी भांडणाची तयारी करून उभे, आणि तुम्ही येऊन म्हणता, चला, मोठी फेरी घेऊ.

मुलगा : तेही किती वेळाने! आम्हाला दारात उतरवलंत आणि गाडी लावायला गेलात ते गेलातच. मला वाटलं, परस्पर घरी गेलात.

वडील : चांगली जागा शोधायला वेळ लागतो.

मुलगा : अख्खं मैदान रिकामं होतं.

वडील : रिकाम्या मैदानातच माणूस गोंधळतो.

मुलगी : आणि हाताला हे काय? केवढं खरचटलंय!

वडील : फांदी लागली. जंगल आहे. जंगलात फांद्या असतात.

मुलगा : विषय बदलू नका.

वडील : तिने बदलला.

मुलगा : ताई, तूही बदलू नकोस. बाबा, गाडी चालवणं बंद करा. झालं. बोललो एकदाचा.

वडील : का?

मुलगा : का? आपल्याच फाटकाला दोनदा ठोकलीत, म्हणून.

वडील : फाटक अरुंद आहे.

मुलगा : माझ्या जन्माआधीपासून तेवढंच आहे!

मुलगी : आई हल्ली दवाखान्यातसुद्धा बसने जाते, बाबा. गाडी दारात उभी, आणि ती गुडघे चोळत स्टॉपवर.

वडील : तिला बस आवडते.

मुलगा : जगात कुणालाही बस आवडत नाही!

मुलगी : आणि ती सायकलवरची मुलगी?

वडील : तिला धक्का लागलेला नाही. घाबरून पडली. मी थांबलो, तिला उठवलं, पाणी पाजलं, घरापर्यंत सोडलं.

मुलगी : ते नाही विचारत. ती आधी दिसली होती का तुम्हाला?

वडील : ती बदकं बघ. कशी एका रांगेत चाललीत. पुढच्याशी अंतर ठेवून. कुणी ओव्हरटेक करत नाही.

मुलगा : बदकं नकोत मला! चावी द्या.

वडील : कसली?

मुलगा : गाडीची. आत्ता, इथे, या हातावर. जाताना मी चालवणार.

वडील : तू आधी ही बोट सरळ ने. आणि त्या काठाकडे नको.

मुलगी : का? तिकडेच तर छान आहे. ते बघ रे, झाडीत दोन दिवे लागलेत. ढगाळ हवेत काय गोड दिसतायत! बंगला असेल कुणाचा.

मुलगा : वनखात्याचं विश्रामगृह असेल. बाबा, चावी.

वडील : पलीकडे चला. तिकडे धबधबा आहे म्हणे.

मुलगा : धबधबा गेला खड्ड्यात. चावी!

मुलगी : एक मिनिट. विश्रामगृहाचे दिवे इतके खाली असतात?

मुलगा : तू पॅडल मार ना, ताई!

मुलगी : मारतेय. जवळ जाऊन बघू दे… बाबा.

वडील : हं.

मुलगी : या विश्रामगृहाला नंबरप्लेट आहे.

मुलगा : काय?

वडील : जंगलात अंधारून आलं की दिवे लावून चालवायचं. पहिल्या दिवसाचा धडा आहे.

मुलगा : आणि गाडी लावल्यावर?

वडील : बंद करायचे. तोही पहिल्याच दिवसाचा.

मुलगा : बाबा, चावी कुठे आहे?

वडील : गाडीत. दार दाबून लावलं आणि मग आठवलं. काच बोटभर उघडी होती, फांदी घालून पाहिली. फांदी तुटली.

मुलगा : इंजीन? इंजीन तरी बंद केलंत?

वडील : बहुतेक.

मुलगा : बहुतेक! आम्ही इथे मरमर पॅडल मारतोय, आणि तुम्ही मागे बसून बदकांची परीक्षा घेताय!

वडील : मला वाटलं, मोठी फेरी घेतली तर तेवढ्यात काहीतरी सुचेल.

मुलगी : सुचलं?

वडील : नाही.

मुलगा : दुसरी चावी आईकडे आहे, आणि माझ्या फोनला रेंज नाही. वा! छान.

वडील : तिकिटाच्या खिडकीवर फोन आहे. आईला सांग, शिवणाच्या डब्यात बघ. माझ्यापासून लपवून ठेवलीय तिने. मला माहीत नाही असं तिला वाटतं. वाटू दे… अरे, ते बघ, दिवे मंद होतायत.

मुलगा : बॅटरी उतरतेय, बाबा!

वडील : म्हणजे इंजीन बंद आहे. बघ, केलं होतं मी बंद.

मुलगी : हो, बाबा. केलं होतंत.

(मुलगा बोट तिकिटाच्या खिडकीकडे वळवतो. दोघं जोरात पॅडल मारू लागतात.)

वडील : नव्हती दिसली.

मुलगी : कोण?

वडील : ती सायकलवरची. पडल्यावर दिसली.

मुलगा : बाबा…

वडील : पाय थांबवू नकोस, बोट वाहत जाते. आणि ती दुसरी चावी आली की परत डब्यात नको. तुझ्याकडेच ठेव. ही आतलीसुद्धा.

मुलगा : बरं.

मुलगी : जाताना तुम्ही मागे निवांत पडा हं, बाबा. मी याच्या शेजारी बसते.

वडील : मागे नको, मळमळतं. चालवणाऱ्याच्या शेजारी मी बसतो. जन्मभर तिथेच बसलोय.