पुरुषोत्तमाची शपथ आणि दिगूची लाल गाडी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग मी पुढं बोलतो. शेजाऱ्याच्या घरात मरण झालं, तर आपण अनवाणी धावतो. खरं की नाही? आणि त्याच्या घरात पेढे आले, तर किती जण धावतात? — बघा, बघा! आत्तापर्यंत माना डोलत होत्या, आता सगळे छताचे वासे मोजायला लागले!

दुसऱ्याच्या दुःखात रडायला दोन डोळे पुरतात. दुसऱ्याच्या सुखात हसायला छाती लागते, छाती! ती कुणाला असते आणि कुणाला नसते, ते ऐका.

आंबेखोल नावाचं गाव. नकाशात शोधू नका. नकाशा काढणारा तिथल्या घाटीतच घसरून पडला! त्या गावात दोन मित्र, भिंतीला भिंत लागून राहणारे. एक दिगंबर मेस्त्री, सुतार. गावातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक पाळणा त्याच्या हातचा. दुसरा पुरुषोत्तम भाटकर. आंब्याच्या बागा, दुमजली घर, चालताना मान आभाळात. पण लहानपणी दोघांत मिळून एकच इस्टेट होती — सायकलचं जुनं टायर! घरापासून देवळापर्यंत एकानं काठीनं पळवत न्यायचं, देवळापासून परत दुसऱ्यानं. पायरीशी आलं, की "आता तुझी पाळी!" म्हणून काठी हातात द्यायची. पन्नास वर्षं झाली त्याला.

तर साठीला टेकल्यावर दिगूनं गाडी घेतली. नवी नव्हे हो, वापरलेली! अकरा वर्षं कोल्हापुरात पळून आलेली. जन्मभर रंधा मारून जेवढी परवडली तेवढी — पण काय गाडी! लालभडक, बुटकी, मागे पंख. इतकी बुटकी, की शेजारी कोंबडी उभी राहिली तर कोंबडीच ऐटबाज दिसायची! पण घाटीतल्या वळणावर रस्त्याला अशी चिकटून वळायची, की माकडं झाडावरून उतरून ओळीनं बघायला बसायची. खोटं वाटत असेल तर माकडांना विचारा, मला नको!

आता तुम्ही म्हणाल, पुरुषोत्तमाकडे गाडी नव्हती का? होती की! नवीकोरी, पांढरी, हत्तीएवढी. पण कायम खोळ घातलेली. सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षं तसंच. दसऱ्याला खोळ काढायची, हार घालायचा, ओवाळायचं, परत खोळ. गाडी कसली, समाधीच ती!

दिगू लाल गाडी घेऊन आधी देवळात आला. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, सारा गाव गोळा झाला. गुरवांनी — म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारे आपले पुजारी — गाडीला कुंकू लावलं. दिगूनं पुढचं दार उघडलं आणि हाक मारली, "पुरशा, ये रे! पहिली फेरी तुझी!"

पुरशाचं काय झालं असेल? मंडळी, त्या क्षणी त्याच्या छातीवर भाकरी टाकली असती, तर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजली असती!

"ह्यात?" तो म्हणाला. "मेल्या, ही गाडी म्हणायची की डबा? दुसऱ्यांनी चावून टाकलेला ऊस तू चघळतोस!"

"अरे, गोड आहे अजून. चाखून तर बघ!"

लोक हसले. तिथंच बिनसलं! पुरुषोत्तमानं देवळाच्या पायरीवर हात आपटला. "ह्या देवाची शपथ! ह्या डब्यात मी जन्मात पाय ठेवणार नाही!"

दिगूनं हळूच दार लावून घेतलं. त्या दिवसापासून भिंतीला भिंत राहिली, पण बोलणं संपलं. रोज देवळात सोबत जाणारे दोघे. आता एक पुढं, एक मागं.

आणि मत्सर! मत्सराचे कान फार तिखट. पुरुषोत्तम माडीवर बसून आवाजावरून ओळखायचा — हा दुसरा गिअर, हा तिसरा, आता वडाचं वळण आलं! इकडे साध्या खुर्चीत बसून ह्याचा पाय आपोआप क्लच दाबायचा! त्याच्या बायकोनं, सुलभाबाईंनी, चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी त्या दिगूच्या बायकोबरोबर त्याच लाल गाडीतून बहिणीकडे जाऊन आल्या. आल्या त्या केस विस्कटलेल्या, गाल लाल, आणि हसताहेत!

"एवढं हसायला झालं काय?" हा गुरगुरला.

"काही नाही हो. वारा लागला."

"आपली गाडी काय वाईट आहे?"

"तिच्यात बसलं की प्लास्टिक करकरतं. औषधाच्या पुडीत बसल्यासारखं वाटतं."

बाई आत गेल्या. हा बसला उंबऱ्यावर. लग्नानंतर ती अशी कधी हसली होती, ते आठवू लागला. आठवेना, मंडळी! तेव्हा मात्र तो उठला आणि गुरवांकडे गेला.

"गुरवांनू, शपथ सोडवा. चोरून, पटकन."

गुरव म्हणाले, "चोरून? पायरीवरची शपथ गाऱ्हाण्यातच सुटते, देवाला मोठ्यानं साकडं घालून. सगळ्या गावासमोर. ती का घेतली, ते खरं सांगायचं आणि गावानं 'होय महाराजा' म्हणायचं. कारण खोटं असेल, तर शपथ तशीच."

सोमवारी गाव जमला. दिगूही आला, खांबाला टेकून उभा राहिला. गुरवांनी नारळ हातात धरला. "बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकरानं पायरीवर शपथ घेतली. कशापायी रे पुरुषोत्तमा? रागापायी?"

"हं... रागापायी."

गुरवांचा नारळ खाली येईना.

"गाडी वाईट म्हणून?"

पुरुषोत्तमाच्या कपाळावर घाम. एवढा घाम, की गाभाऱ्यात पन्हळ लावावी लागली असती! आणि मग तो, मान आभाळात असणारा माणूस, पायरीकडे बघत म्हणाला, "नाही. चांगली म्हणून. मला तशीच हवी होती... आणि ती ह्याला मिळाली. जळलो मी, महाराजा."

'होय महाराजा' कुणी म्हणेना. का म्हणेना? कारण प्रत्येकाला आपापला शेजारी आठवत होता! तेवढ्यात खांबापाशी आवाज उठला — एकट्याचा, घोगरा —

"होय महाराजा!"

दिगू! मग सारं गाव गरजलं, नारळ फुटला. दिगू पायऱ्या उतरून आला आणि त्यानं गाडीची किल्ली पुरुषोत्तमाच्या हातात ठेवली.

"देवळापर्यंत मी आणली. आता तुझी पाळी!"

साठीचा माणूस किल्ली मुठीत धरून लहान पोरासारखा रडला, मंडळी. मग गाडीत बसला. घाटीत असा मोठ्यानं हसला, की ओळीनं बसलेली माकडं घाबरून पुन्हा झाडावर! आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं? खोळ काढली, पांढऱ्या गाडीचं प्लास्टिक टर्रकन फाडलं, आणि हाक मारली, "सुलभा, येतेस? खिडक्या उघड्या ठेवतो!"

आता तुमच्याकडे वळतो. वासे नका मोजू! देवळाबाहेर दुचाक्या आहेत, गाड्या आहेत. येताना कुणाची कुणाच्या डोळ्यात खुपली, ते मला ठाऊक नाही, पण गाभाऱ्यातल्या त्याला ठाऊक आहे. परवाच शेजारच्या गावी दुसऱ्या एका बुवांचं कीर्तन रंगलं म्हणून ऐकलं, आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. हे मी सांगून मोकळा झालो.

आता शेजारी बसलेल्याकडे वळा. त्याचं जे चांगलं चाललंय, ते मनात आणा. आणलंत? घशात अडकलं? अडकू द्या, तरी म्हणा — होय महाराजा!

...आवाज कमी आला, मंडळी. दिगू एकटा होता, तरी ह्याहून मोठा होता. पुन्हा म्हणा!